बाजेवरचा ट्रॅक्टर

आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा असा समज आहे की दर श्रावणात माझं काहीतरी हरवतं. त्याची चूक नाही. गंगापूर रोडच्या कडेला मातीच्या बैलांच्या जोड्या मांडून बायका बसल्या, की त्या दिवसापासून माझं सुरू होतं. मी गाडीपाशी जाते, दार न उघडता तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारते, पदर सावरून वाकते, चारही चाकांच्या मागे बघते. मग आत बसते आणि चावी फिरवण्याआधी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटते. वॉचमन लगबगीने येतो. मॅडम, काय पडलं का? मी सांगते, काही नाही, ट्रॅक्टर चालू करतेय. माझी गाडी पांढरी, बुटकी आणि इतकी लहान आहे की तिच्यात चार कलिंगडं ठेवली तर माणसाने पायी यावं. तो बिचारा एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघतो आणि गेटकडे परत जातो. गेटवर तो माझ्याबद्दल काय सांगतो ते मला माहीत आहे, आणि ते मला आवडतं.

हे ज्या श्रावणात सुरू झालं त्याची हकिगत क्रमाने सांगता येईल याची मात्र मला खात्री नाही. तो सगळा महिना माझ्या आठवणीत एकमेकांत कालवला गेला आहे. चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याचा उग्र-गोड वास, मक्याच्या ओल्या पात्यांनी दंडावर काढलेल्या रेघा, दमट गोणपाट, डिझेलचा निळसर धूर, हळद घातलेलं लोणी आणि ग्रीस. यातलं कशानंतर काय आलं असं विचारलंत तर मी संवाद विसरलेल्या नटीसारखी विंगेकडे बघेन. पण दोन गोष्टी पक्क्या आहेत. नानांचा पाय मोडलेला होता आणि पोळा तोंडावर आला होता.

नाना म्हणजे माझे सासरे. चांदवडच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. मी नाशिक रोडच्या सरकारी वसाहतीत वाढलेली; लग्नापर्यंत शेतीशी माझा संबंध मेथीच्या जुडीपुरता. सासूबाई जाऊन बराच काळ झाला होता. घर आणि शेत सांभाळायचे नाना आणि माझी मोठी जाऊ, मंगलताई. थोरले दीर एसटीत चालक. म्हणजे घाट उतरवण्यात पटाईत असलेला माणूस आमच्या घरात आहे, पण सगळ्या जगाला सणाला घरी पोचवायचं असल्यामुळे तो स्वतः सणाला कधीच घरी नसतो. राहता राहिले माझे यजमान. त्यांनी कॉलेजात असताना एकदा ट्रॅक्टर हातात घेतला होता आणि तो थेट गोठ्यात घातला होता. गोठा अजून वाकडाच आहे. नानांनी तो मुद्दाम सरळ केला नाही. यजमानांनी ट्रॅक्टरचा विषय काढला की नाना नुसती गोठ्याकडे मान वळवतात.

मी मुलांची नाट्यशिबिरं घेते, ती उन्हाळ्यात आणि दिवाळीत. श्रावणात मोकळी. त्यामुळे नानांच्या पायाला प्लास्टर लागलं तेव्हा मंगलताईच्या मदतीला मी गावी गेले. भाकऱ्या थापायला, सडका कांदा निवडायला आणि नानांशी गप्पा मारायला. चाकावर बसायला नव्हे. चाकाचं नंतर निघालं.

निघालं ते मानावरून. आमच्या गावात पोळ्याच्या संध्याकाळी वेशीत, मारुतीच्या देवळासमोर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखालून पहिली जोडी जाते ती आमच्या घरची. मग बाकीचा गाव. नानांच्या वडिलांची जोडी गेली, नानांची गेली. पुढे बैल उरले दोन-तीन घरांत, तेव्हा गावाने बसून ठरवलं की ज्याच्या दारात बैल नाही त्याने ट्रॅक्टर आणावा, मान ज्याचा त्याचाच. एकच अट जुनी राहिली: कासरा घरच्याच माणसाच्या हातात पाहिजे. रोजंदारीचा ड्रायव्हर चालणार नाही. आणि दिवस मावळायच्या आत घरचं माणूस वेशीत आलं नाही, तर मान भावकीत पुढच्या घरी जातो, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही.

पुढचं घर आप्पांचं. आप्पा हे नानांचे चुलतभाऊ. त्या महिन्यात ते रोज सकाळी चहाला यायचे, नानांच्या प्लास्टरवर हळुवार हात ठेवायचे आणि पायाची इतकी काळजी करायचे की नाना ते गेल्यावर प्लास्टर झटकून घ्यायचे.

पाय कसा मोडला? इथे माझा पहिला गोंधळ झाला. डॉक्टरांना नानांनी सांगितलं होतं, न्हाणीत घसरलो. शेजारच्या आळीला सांगितलं, बांध खचला. नाशिक रोडला राहणाऱ्या आपल्या बहिणीला फोनवर सांगितलं, म्हशीने ढकललं. आमच्याकडे म्हैस नाही. आप्पांना सांगितलं, साप आडवा आला, उडी मारली. प्रत्येक वेळी नाना इतक्या तपशिलाने सांगायचे, की रंगभूमीने एक मोठा नट गमावला असं मला वाटायचं. सापाच्या अंगावरचे पट्टेसुद्धा ते सांगायचे. खरं काय ते मंगलताईला माहीत होतं, कारण तिनेच त्यांना उचललं होतं. तिने मला ते चाळीत कांदे निवडताना खालच्या आवाजात सांगितलं. ट्रॅक्टरची चावी काही दिवस धोका देत होती. नाना खाली जमिनीवर उभे राहिले, स्टार्टरला पान्हा टेकवला, ठिणगी पाडली आणि इंजिन सुरू केलं. गावात सगळेच करतात. फक्त त्या दिवशी ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला होता. मागचं मोठं चाक नानांच्या नडगीवरून गेलं आणि ट्रॅक्टर पुढे मक्यात जाऊन उभा राहिला.

"नशीब मका व्हता," मंगलताई म्हणाली आणि एक सडका कांदा लांब फेकला.

तर मानाचं काय? आप्पा म्हणाले, यंदा घरात कोण नाही तर आम्ही आहोत, आमचंही रक्त तेच. नानांनी सांगितलं की सून आहे घरात, तिला गाडी येते. यावर देवळात बैठक बसली. सून घरची धरायची की नाही? मी या चर्चेला जातीने हजर होते आणि शपथेवर सांगते, इतकी रंगलेली चर्चा मी नाटकाच्या तालमीतही ऐकलेली नाही. कुणी म्हणे घरची, कारण आडनाव तेच. कुणी म्हणे कासरा तिच्या हातात कधी कुणी पाहिला नाही. एकाने सुचवलं की मला अर्धी घरची धरावं. मीसुद्धा गोंधळले. इतक्या वर्षांत मी हा प्रश्न कधी विचारात घेतला नव्हता. शेवटी मंगलताई दारातून बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता.

"कांद्याच्या चाळीत नाक दाबून बसायला आम्ही घरच्या, अन् चाकावर बसायला पाव्हण्या व्हय?"

बैठक तिथेच उठली. आरती ओवाळायला थोरली सून लागते, म्हणून मंगलताई ताटासमोर. म्हणजे चाकामागे मीच.

मला वाटलं, त्यात काय. मी नाशिकच्या वाहतुकीत रोज गाडी चालवते. दुसऱ्या दिवशी सकाळी पंजाबी ड्रेस घालून, केस बांधून मी चावी मागायला ओट्यावर गेले. नाना म्हणाले, चावी नंतर. आधी बाज.

ओट्यावर त्यांची सुतळीने विणलेली बाज होती. तिच्यावर त्यांनी पाट ठेवायला लावला, ते आसन. खाली डाव्या पायाशी एक वीट, तो क्लच. उजव्या पायाशी शेजारी-शेजारी दोन विटा, ते ब्रेक. बाजेच्या विणीत लाटणं खोचलं, तो गिअर. त्याच्या शेजारी ताक घुसळायची रवी, तो दुसरा गिअर, हळू आणि जोरात ठरवणारा. उजव्या हाताशी उलथनं, ती रेस. खुंटीवरून एक सुतळी लोंबत सोडली, ती ओढली की इंजिन बंद. आणि माझ्या दोन्ही हातांत पुरणाची चाळण. ते स्टिअरिंग.

नाना समोर पाय लांब करून भिंतीला टेकून बसले. म्हणाले, कर चालू. मी बाजेवर चढून बसले आणि तोंडाने मोठ्ठा घर्र आवाज काढला. मला वाटलं, आवाज उत्तम झाला होता. नाना म्हणाले, मेला.

कोण?

"मागं कोण व्हतं ते तू पाह्यलं नाय. तो मेला."

मग कळलं की ट्रॅक्टरची सुरुवात चढून होत नाही, उतरून होते. आधी त्याच्याभोवती पूर्ण चक्कर. चाकामागे कोंबडी, कुत्रं, पोर, कुणाचा डबा. मग डाव्या बाजूने चढायचं. बसल्यावर लाटणं आणि रवी दोन्ही मधोमध, म्हणजे न्यूट्रलमध्ये, आहेत ना ते हाताने हलवून बघायचं, डोळ्यांनी नाही. मागचं अवजार जमिनीला टेकलेलं. क्लचची वीट पूर्ण दाबायची. मगच चावी. मी हे सगळं पाठ केलं, कारण पाठांतर हा माझा धंदा आहे, आणि रोज बाजेवर बसून म्हणून दाखवू लागले. रोज माझ्या हातून कोणीतरी मरत होतं. एकदा मी चाळण आतून अंगठे घालून धरली. नाना म्हणाले, अंगठा गेला, कारण पुढचं चाक दगडावर चढलं की स्टिअरिंग उलटा फटका मारतं, अंगठे बाहेरच पाहिजेत. एकदा मी वळताना उलथनं खाली केलं नाही. अख्खा ट्रॅक्टर बांधावरून उलटा. शेजारच्या बायका दळण ठेवून यायला लागल्या. आप्पा चहाचा कप धरून उभे राहायचे आणि विचारायचे, आज किती गेले?

सगळ्यात जास्त घोळ त्या दोन विटांनी घातला. माझ्या जन्मात मी एकच ब्रेक पाहिला होता. ट्रॅक्टरला दोन का? नाना म्हणाले, एक डाव्या चाकाचा, एक उजव्या. शेतात टोकाला जागच्या जागी फिरायचं तर एकच दाबायचा, ते चाक थांबतं, दुसरं फिरतं. रस्त्यावर आलं की दोन्ही एका पट्टीने जोडायचे. जोडले नाहीत आणि वेगात एकच दाबला, तर एका बाजूने उचलून आपटेल. त्यांनी दोन विटांना एकत्र सुतळी बांधली आणि सोडली, बांधली आणि सोडली. मी विचारलं, मग आत्ता आपण शेतात आहोत की रस्त्यावर? नानांनी ओट्याकडे, अंगणाकडे, माझ्याकडे पाहिलं. "तेच तर दर वेळेला इचारायचं," ते म्हणाले.

हे वाक्य मला कुठे ठेवावं ते अजून कळलेलं नाही. मधूनच एखाद्या लग्नात, एखाद्या बैठकीत, मुलीशी वाद घालताना ते वर येतं. आपण आत्ता शेतात आहोत की रस्त्यावर? पुष्कळदा मला उत्तर येत नाही, आणि अशा वेळी मी पट्टी जोडून टाकते. गप्प बसते, असा त्याचा अर्थ. यजमान म्हणतात, फार कमी वेळा जोडतेस.

खऱ्या ट्रॅक्टरवर मला बसवलं ते रिकाम्या वावरात. चावी तोवर दुरुस्त झाली होती. ती दुरुस्त झाल्याशिवाय नानांनी कुणाला जवळ जाऊ दिलं नव्हतं. त्यांना खुर्चीवर बसवून बांधावर आणून ठेवलं. मी चक्कर मारली, चढले, हलवून पाहिलं, दाबलं, फिरवलं. ते धूड माझ्याखाली थरथरायला लागलं आणि माझे दात एकमेकांवर वाजले. क्लच सोडायचा कसा, तर झोपलेल्या बाळावरून हात काढतात तसा. मी काढला. ट्रॅक्टर निघाला. मला हर्ष झाला. मी हसत होते, मंगलताई मक्याच्या कडेला हसत होती, आणि समोर चिंच होती. नानांनी सांगून ठेवलं होतं की चाकाकडे बघू नकोस, चिंचेकडे बघ, ट्रॅक्टर नजरेमागे येतो. तो आला. चिंच मोठी होत गेली.

आता थांबायचं म्हणून मी गाडीतल्या सवयीने उजवा पाय उचलला. काही झालं नाही. रेस हाताशी होती आणि ती लावलेली होती. पायाच्या उचलण्याशी ट्रॅक्टरचं काही देणंघेणं नव्हतं. मग मी ब्रेक दाबला. एकच दाबला. शेतात होतो, पट्टी सोडलेली होती. ट्रॅक्टरने माझा हात धरून फुगडी घातली. चिंच गेली, मका आला, बांध आला, नाना आले, पुन्हा चिंच. लहान गिअर होता म्हणून ते सगळं मंगळागौरीच्या चालीने झालं. तिसऱ्या वेळी नाना समोरून जाताना ते काय म्हणतायत ते ऐकू आलं: दोरी. मी स्टॉपरची, म्हणजे इंजिन बंद करायची दांडी ओढली. सगळं एकदम शांत झालं आणि मक्याची सळसळ कानात भरली.

नाना रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, आता कळलं, दोन विटा का.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. ओझं वाहून कडक झालेल्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, आणि त्याच्या कानात म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ट्रॅक्टरला खांदा कुठला? यावरही घरात गोंधळ होता. नानांनी ग्रीसची पिचकारी मागवली आणि जिथे जिथे लोखंडावर लोखंड फिरतं तिथे तिथे भरायला लावलं. मंगलताईने तरी बोनेटला थोडं हळद-लोणी लावलंच. मग आमंत्रण कोणत्या कानात सांगायचं म्हणून आम्ही थांबलो. शेवटी ती एअर फिल्टरपाशी वाकून कुजबुजली. मी हसले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा साज केला. मडगार्डला हिंगूळ, बोनेटवर झूल, पुढे घुंगुरमाळ, सायलेन्सरच्या उभ्या नळकांड्याला गोंडे. नैवेद्याची पुरणपोळी बोनेटवर ठेवली. ती आमच्या आळीतल्या पिवळ्या कुत्र्याने खाल्ली आणि तेव्हापासून तो ट्रॅक्टरचा भक्त झाला, मागे-मागे फिरू लागला. मंगलताईचा हट्ट होता की मी काठपदराचंच नेसलं पाहिजे, आणि नानांचा की अंगावर काही लोंबता कामा नये. शेवटी दोघांचंही झालं. पदर मागे ओढून इतक्या पिना लावल्या की मला मान वळवायची तर कमरेपासून वळावं लागत होतं.

वेशीपर्यंत मी नीट आले. ब्रेक जोडलेले, गिअर लहान, अंगठे बाहेर, नजर मारुतीच्या कळसाकडे. पुढे ताशा, मागे आप्पांचा नवाकोरा ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना सगळा गाव. तोरणासमोर थांबवला, इंजिन बंद केलं, चावी कमरेला खोचली. मंगलताईने ओवाळलं. नाना देवळाच्या पायरीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर. ऊन तांबडं झालं होतं. आता फक्त चालू करायचं आणि तोरणाखालून जायचं.

तेवढ्यात ट्रॅक्टर एका बाजूला किंचित दबला. आप्पा माझ्या डाव्या मडगार्डवर येऊन बसले होते. फेटा बांधलेला, हात लोकांकडे उंचावलेला. ते प्रेमाने म्हणाले की चाकावर सून आहे तर शेजारी भावकीतला एक पुरुष असावा, शोभतं. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या मडगार्डवर आणखी दोघे चढले.

बाजेवर हा धडा झाला होता. मडगार्डवर माणूस असेल तर चावी फिरवायची नाही. देव असला तरी नाही. मी आप्पांना म्हटलं, उतरा. ते म्हणाले, अख्खा गाव मडगार्डवर बसून चांदवडला जातो. हे खरं होतं. लोक हसले. ताशावाले थांबून परत सुरू झाले. मी कमरेपासून वळून नानांकडे पाहिलं. मला खरोखर कळेना. मी सुरू केला तर मान राहतो, अर्धा आप्पांचा होऊन. नाही केला तर दिवस मावळेल आणि सगळाच त्यांचा. आणि मी कोण, हा बैठकीतला प्रश्न तर होताच. चावी माझ्या कमरेला टोचत होती. ऊन देवळाच्या भिंतीवरून वर सरकत होतं.

नानांनी हात वर केला. ताशा थांबला.

"आप्पा, खाली ये."

आप्पा म्हणाले, दादा, सणाच्या दिवशी असं करू नये.

"माझा पाय सापानं नाय मोडला," नाना म्हणाले. "मी खाली उभा राहून पान्हा लावून चालू केला. गिअरमंदी व्हता. बैल असता तर मी पडल्यावर थांबला असता. त्याला मालक कळतो. ह्याला नाय कळत. ह्याच्या पुढं तू अन् मी अन् ढेकूळ, सारखंच. खाली ये."

घुंगुरमाळेतलं एकेक घुंगरू ऐकू आलं. पंचक्रोशीत नांगरटीची सरळ रेघ मारावी तर नानांनी, असं लोक म्हणायचे. तो माणूस हे बोलत होता, आणि ते बोलताना त्यांनी एकही तपशील घातला नव्हता. यावरून गावाला कळलं की हे खरं आहे.

आप्पा उतरले. दुसरे दोघेही उतरले. खाली पोचल्यावर आप्पा शेजारच्याला हळूच म्हणाले, मला तर साप सांगितला होता. तो म्हणाला, आम्हाला बांध. मागून कुणी म्हैस म्हणालं. गाव हसायला लागला, पण नाना नाही हसले. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यावरून मला आठवलं की मी परत पहिल्यापासून सुरुवात करायला हवी. मधे माणसं चढली-उतरली होती.

म्हणून मी उतरले. काठपदर सावरत, पिनांमुळे ताठ, सगळ्या गावासमोर मी ट्रॅक्टरला पूर्ण फेरी घातली. मागच्या चाकाच्या सावलीत, अगदी रबराला पाठ लावून, आमचा पिवळा भक्त पुरणपोळी जिरवत झोपला होता. त्याला दोन्ही हातांनी ओढून बाजूला केलं. समोर येऊन पाहते तर बायकांनी हात जोडलेले. त्यांना वाटलं, मी प्रदक्षिणा घातली. मला हे कळेपर्यंत एका म्हातारबाबांनी टोपी काढली होती. रंगमंचावर चुकून टाळी मिळाली तर खुलासा करायचा नसतो.

चढले, हलवून पाहिलं, दाबलं, फिरवलं. ट्रॅक्टर तोरणाखाली गेला. म्हणजे मी गेले. सायलेन्सरचं नळकांडं गेलं नाही. तोरण यंदा कुणीतरी जुन्या सवयीने बैलाच्या उंचीचं बांधलेलं. ते गोंड्यांत अडकलं, ताणलं, तुटलं आणि आंब्याची पानं नळकांड्याला गुंडाळून धूर काढत आमच्याबरोबर पुढे निघाली. मानाची जोडी गेल्यावर तोरण तोडायचंच असतं. पण ते हाताने. नळकांड्याने तोडलेलं चालतं का, यावर बैठक बसली. माझ्या माहितीप्रमाणे ती अजून उठलेली नाही.

मान राहिला, एवढं नक्की. बाकी कशाबद्दल मला खात्री नाही. पोळा म्हणजे ज्याने वर्षभर आपल्यासाठी ओढलं त्याचे आभार. बैलाला ते कळतात, निदान तसं वाटतं. तो मान हलवतो, हाताला नाक लावतो. ज्याला मालक आणि ढेकूळ सारखंच, त्याच्या कानात आवतण सांगून आपण नक्की काय करतो? मंगलताई त्या संध्याकाळी हसली का नव्हती? मी विचार करते आणि विचार फुगडी घालून चिंचेपाशी परत येतो. आता गावात रिवाजच पडला आहे. पोळ्याला प्रत्येक ट्रॅक्टरला घरच्या माणसाने आधी एक फेरी घालायची, वाकून चाकांमागे बघायचं, मग चढायचं. नव्या सुनांना सांगतात, जुनी चाल आहे. आप्पा सगळ्यात सावकाश घालतात.

गेल्या रविवारी आम्ही गावी गेलो होतो. चाळीतल्या कांद्याचा तोच वास, मका डोक्याइतका. ट्रॅक्टर हल्ली मंगलताई चालवते. ट्रॉली लावून उलटा घेते. उलटं जाताना चाक डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते, आणि हे माणसाच्या मेंदूत कसं बसतं ते तिलाच ठाऊक. माझ्या मेंदूत अजून बसलेलं नाही. नानांचा पाय जुळून आला आहे, थोडा लंगडतात. चहा पिऊन झाल्यावर ते कुणाकडेच न बघता म्हणाले की यंदा पोळ्याला आपणच चाकावर बसावं म्हणतो. एकदाच.

यजमानांनी वाकड्या गोठ्याकडे बघितलं. मी मंगलताईकडे बघितलं. ती उठून आत गेली. मला वाटलं, चावी आणायला गेली. ती आली ती काखेत पाट, एका हातात लाटणं आणि रवी, दुसऱ्या हातात पुरणाची चाळण घेऊन. विटा तिने अंगणातून उचलल्या. बाज ओट्यावर होतीच.

नानांनी त्या सगळ्यावर एकदा नजर फिरवली. मग उठले, लंगडत बाजेभोवती पूर्ण फेरी घातली, वाकून खाली पाहिलं आणि डाव्या बाजूने चढून बसले. अंगठे बाहेर ठेवून चाळण धरली. मंगलताई त्यांच्या जागेवर, भिंतीला टेकून बसली. तिने सगळं विचारलं. विटा जोडल्या का? जोडल्या. लाटणं? मधोमध. रवी? मधोमध.

"चालू कुठून करायचा, नाना?"

"वर बसून."

"अन् खालून?"

नानांनी चाळणीवरचा एक हात काढून नडगीवरून फिरवला. मग दोन्ही हात कपाळापाशी जोडले.

"खालून फकस्त नमस्कार करायचा."